कोरस पेडल अ‍ॅनालॉग घ्यायचं की डिजिटल? आवाजात फरक नेमका कुठे पडतो?

आषाढी वारीसाठी शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई असा बीड जिल्ह्यातला टप्पा पार करत पंढरपूरला जाते. दिंडीत शंभर जण एकच अभंग म्हणत असले, तरी शंभर आवाज अगदी एकाच क्षणी आणि अगदी एकाच सुरात कधीच येत नाहीत. कुणी किंचित मागे असतो, कुणाचा सूर केसभर चढा असतो. त्यामुळेच हा आवाज एका गायकाचा आवाज शंभरपट मोठा केल्यासारखा वाटत नाही. तो रुंद, भरलेला आणि सतत हलता वाटतो.

इलेक्ट्रिक गिटारचं कोरस पेडल हाच परिणाम एकाच गिटारवर घडवून आणतं. मात्र ते विकत घ्यायची वेळ आली की प्रश्न पडतो, अ‍ॅनालॉग घ्यायचं की डिजिटल? माजलगाव, केज किंवा गेवराईत राहून गिटार वाजवणाऱ्यांसाठी तो जास्त अवघड आहे, कारण वेगवेगळी पेडल्स वाजवून पाहण्याची सोय जवळपास सहसा नसते. व्हिडिओ पाहायचे आणि काही हजार रुपये ऑनलाइन मोजायचे, हाच मार्ग उरतो. त्यात 'अ‍ॅनालॉग उबदार, डिजिटल कोरडं' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. त्यात तथ्य किती, ते समजून घेऊ.

कोरस म्हणजे नेमकं काय?

पेडलमध्ये गिटारच्या सिग्नलचे दोन भाग होतात. एक भाग जसाच्या तसा पुढे जातो. दुसरा काही मिलिसेकंद उशिरा सोडला जातो आणि हा उशीर सतत कमी-जास्त केला जातो. नंतर दोन्ही भाग एकत्र येतात.

उशीर बदलत राहिला की सूरही हलतो. रुग्णवाहिका जवळ येताना सायरन चढा आणि लांब जाताना उतरलेला ऐकू येतो, तसाच हा प्रकार आहे. समजा, उशीर सरासरीच्या दोन्ही बाजूंना २ मिलिसेकंद हलतो आणि एक फेरी पूर्ण व्हायला २ सेकंद लागतात. अशा वेळी ४४० हर्ट्झचा सूर साधारण ४३७ ते ४४३ हर्ट्झच्या दरम्यान झुलतो. मूळ सूर ४४० वर स्थिर आणि जोडीला हा झुलणारा सूर, म्हणून एका गिटारच्या दोन झाल्याचा भास होतो.

पेडलवरची दोन मुख्य बटणं हेच ठरवतात. 'रेट' म्हणजे झुलण्याचा वेग आणि 'डेप्थ' म्हणजे झोका किती मोठा.

हे पेडल आलं कुठून?

जपानच्या रोलँड कंपनीने १९७५ मध्ये 'जेसी-१२०' हा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याच्या दोन स्पीकरपैकी एकातून मूळ आवाज आणि दुसऱ्यातून झुलणारा आवाज येतो. दोन्हींची भेट हवेत होते. तेच सर्किट १९७६ मध्ये 'बॉस सीई-१' या पेडलमध्ये आलं. १९७९ चं 'सीई-२' आकाराने लहान होतं आणि त्यानंतर कोरस सगळीकडे पोहोचला. निर्वाणा बँडच्या १९९१ च्या 'कम अ‍ॅज यू आर' या गाण्यात गिटारचा जो पाण्यात बुडाल्यासारखा आवाज आहे, तो इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या 'स्मॉल क्लोन' या अ‍ॅनालॉग पेडलचा.

अ‍ॅनालॉग पेडल उशीर कसा करतं?

२०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. त्यात बीड जिल्ह्यातला अंबाजोगाई तालुका होता. श्रमदानात मातीची घमेली माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे जातात, हे दृश्य आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. अ‍ॅनालॉग कोरसमधली चिप अशीच चालते. तिचं नावच 'बकेट ब्रिगेड', म्हणजे बादल्यांची साखळी. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये ही कल्पना पुढे आली.

या चिपमध्ये सूक्ष्म कपॅसिटरची रांग असते. गिटारच्या सिग्नलचा त्या क्षणाचा व्होल्टेज पहिल्या कपॅसिटरमध्ये भरला जातो आणि घड्याळाच्या ठोक्यागणिक पुढे सरकतो. 'सीई-२' मधल्या 'एमएन ३००७' या चिपमध्ये असे १,०२४ टप्पे आहेत. ठोके सेकंदाला २ लाख असतील तर सिग्नल सुमारे अडीच मिलिसेकंदांत बाहेर पडतो. ठोके १० हजारांवर आणले तर त्याला ५१ मिलिसेकंद लागतात. ठोक्यांचा वेग हळूहळू कमी-जास्त केला की कोरस तयार होतो.

घमेलं हातोहात जाताना थोडी माती सांडते, तसं इथेही होतं. प्रत्येक टप्प्यावर थोडं काही निसटतं आणि थोडी खरखर मिसळते. ठोक्यांचा आवाज गाण्यात येऊ नये म्हणून चिपच्या आधी आणि नंतर फिल्टर बसवतात. हे फिल्टर वरच्या पट्टीतला चकचकीतपणा कापतात.

आणि डिजिटल?

डिजिटलमध्ये प्रत्येक घमेलं मोजून वहीत नोंद केली जाते आणि ठरलेल्या वेळी तेवढीच माती पुढे टाकली जाते. सिग्नलचं माप सेकंदाला, उदाहरणार्थ, ४८ हजार वेळा घेतलं जातं आणि आकडे मेमरीत ठेवले जातात. १० मिलिसेकंदांचा उशीर हवा असेल तर ४८० नोंदी मागे जाऊन आकडा वाचायचा, एवढंच. वहीत ठेवलेला आकडा झिजत नाही, त्यामुळे सांडलवंड जवळपास शून्य.

याचा दुसरा फायदा म्हणजे एकाच वहीतून अनेक जण वाचू शकतात. दोनऐवजी चार-पाच झुलते आवाज, स्टिरिओ, आवडलेली सेटिंग साठवणं हे सगळं डिजिटलमध्ये सोपं होतं. सिग्नलचे आकडे करून परत आवाज करायला साधारण एक-दोन मिलिसेकंद जातात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून फूट-दोन फूटच जातो, त्यामुळे वाजवताना ते जाणवत नाही.

मग 'उबदार' आवाजाचं काय?

उबदारपणा खरा आहे, पण त्यात गूढ काही नाही. झुलत्या आवाजातला वरचा भाग फिल्टरने कापलेला असतो, म्हणून तो मूळ आवाजाच्या मागे मऊपणे बसतो. डिजिटलमध्ये तो भाग शाबूत राहतो, म्हणून झुलणं अधिक स्पष्ट आणि कधी कधी काचेसारखं ऐकू येतं. डिजिटल पेडलमध्ये तसाच फिल्टर गणिताने लावता येतो आणि अनेक कंपन्या तो लावतातही. काही डिजिटल पेडल्स मूळ सिग्नलला हात न लावता फक्त झुलत्या भागाचेच आकडे करतात.

म्हणजे फरक पेडलच्या जातीपेक्षा रचनेत जास्त असतो. चांगलं डिजिटल पेडल सुमार अ‍ॅनालॉग पेडलपेक्षा सरस वाजू शकतं आणि उलटही घडतं.

स्टेजवर काय लक्षात ठेवायचं?

गणेशोत्सवाचा मांडव असो, लग्नातला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजचं स्नेहसंमेलन, तीन गोष्टी पेडलच्या प्रकारापेक्षा महत्त्वाच्या ठरतात.

पहिली गोष्ट वीजपुरवठ्याची. दोन्ही प्रकारची बहुतेक पेडल्स ९ व्होल्टवर चालतात. पण अ‍ॅनालॉग कोरसला साधारण १० ते २० मिलिअँपिअर पुरतात, तर डिजिटलला ५० ते १०० किंवा त्याहून जास्त लागू शकतात. अ‍ॅनालॉग पेडल बॅटरीवर कार्यक्रम निभावून नेतं. डिजिटलची बॅटरी लवकर उतरते. एकाच अडॅप्टरवर अनेक पेडल्स जोडली तर डिजिटल पेडलची बारीक किणकिण इतरांत शिरू शकते. त्यासाठी प्रत्येक पेडलला स्वतंत्र लाईन देणारा पुरवठा चांगला.

दुसरी गोष्ट गुणगुण. स्पीकरमधून सलग 'हम्म' येत असेल तर दोष बहुधा पेडलचा नसून वायरिंगचा किंवा अर्थिंगचा असतो. पेडल बदलून तो जात नाही. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढणं तर जिवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट स्टिरिओ. साउंड सिस्टिम मोनो असेल, तर स्टिरिओ कोरससाठी मोजलेले जास्तीचे पैसे प्रेक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. एकच आऊटपुट वापरल्यावर पेडल काय देतं, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा.

जुनं पेडल घेताना

नावावरून प्रकार ठरवू नका. १९८९ चं 'बॉस सीएच-१' सुरुवातीला अ‍ॅनालॉग होतं. नंतर तेच नाव आणि तोच निळा डबा ठेवून आतलं सर्किट डिजिटल झालं. 'जुनं अ‍ॅनालॉग' म्हणून कुणी जास्त किंमत सांगत असेल तर आतल्या सर्किट बोर्डाचा फोटो मागा.

दुरुस्तीचाही विचार करा. जुन्या अ‍ॅनालॉग पेडलचे सुटे भाग मोठे असतात, त्यामुळे टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारा अनुभवी कारागीर बरेच दोष काढू शकतो. डिजिटलची मुख्य चिप गेली तर स्थानिक पातळीवर फारसा इलाज नसतो. मात्र नव्या अ‍ॅनालॉग पेडल्समध्येही आता अतिशय बारीक भाग असतात.

मग घ्यायचं कोणतं?

एकच मऊ, जुन्या धाटणीचा कोरस हवा असेल, बॅटरीवर वाजवायचं असेल आणि दोन-तीन बटणं पुरेशी वाटत असतील तर अ‍ॅनालॉग घ्या. एका कार्यक्रमात लावणीपासून गझलपर्यंत सगळं वाजवायचं असेल, प्रत्येक गाण्याला वेगळी सेटिंग लागत असेल तर डिजिटल सोयीचं. तुमच्याकडे मल्टी-इफेक्ट असेल तर त्यात बहुधा कोरस असतोच. रेट आणि डेप्थ कमी ठेवून आधी तो महिनाभर वाजवून पाहा.

आणि दोन पेडल्स समोरासमोर ठेवण्याची संधी मिळालीच, तर दोन्हींचा आवाज सारख्याच मोठेपणावर आणा. कारण जो मोठा तोच कानाला चांगला वाटतो. मग पाठ फिरवून उभे राहा, मित्राला पेडल्स न सांगता बदलायला लावा आणि कोणतं चालू आहे ते ओळखा. दहापैकी पाच-सहाच वेळा ओळखता आलं, तर तो निव्वळ अंदाज होता असं समजा आणि स्वस्त पेडल घेऊन उरलेल्या पैशांत चांगल्या केबल आणि तारा घ्या.