इंजिन नसलेलं विमान उतरवताना पायलट नेमका कुठे चुकतो?

गेल्या महिन्यात मित्राच्या कॉम्प्युटरवर ‘कॉन्डर’ नावाचा ग्लायडर सिम्युलेटर खेळलो. उडणं जमलं, गरम हवेत गोल गोल फिरून वरही चढलो. उतरताना मात्र सलग चार वेळा आपटलो, आणि चारही वेळा धावपट्टीच्या अलीकडेच! वाटलं, जॉयस्टिकच खराब आहे. मग वाचायला घेतलं तेव्हा कळलं की खरे पायलटही याच जागी, अगदी असेच चुकतात. त्यांच्याकडे रिस्टार्टचं बटण नसतं, एवढाच फरक.

इंजिन नाही म्हणजे ग्लायडर दगडासारखं पडतं असं नाही. (आपल्याकडे पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे.) शिकवण्यासाठी जगभर वापरलं जाणारं एएसके २१ हे ग्लायडर १ मीटर खाली येताना साधारण ३४ मीटर पुढे जातं. म्हणजे ३०० मीटर उंचीवरून जवळपास १० किलोमीटर. पण हा हिशोब वारा नसताना, ताशी ९० किमीच्या आसपासच्या वेगाचा. समोरून ३० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग उरतो ६०, आणि ३४ चे होतात जेमतेम २३. इथेच पहिला अंदाज चुकतो.

त्यामुळे पायलट मुद्दाम थोडा उंच येतो आणि पंखांवरचे एअरब्रेक अर्धे उघडे ठेवतो. उंची जास्त वाटली की ब्रेक अजून उघडायचे, कमी वाटली की बंद करायचे. जास्त की कमी हे ठरवायचं कसं? समोरच्या काचेतून जमिनीवरचा एक ठरावीक बिंदू बघायचा. वेग आणि नाक स्थिर असताना तो काचेत वर सरकायला लागला तर आपण अलीकडे पडणार. खाली सरकला तर पुढे जाणार. जागचा हलला नाही तर तिथेच पोहोचणार.

आता खरी गंमत, म्हणजे खरा सापळा. धावपट्टी दूर वाटली की हात आपोआप स्टिक मागे ओढतो. नाक वर येतं आणि काचेतला तो बिंदू लगेच खाली येतो. डोळ्यांना वाटतं, झालं दुरुस्त! प्रत्यक्षात वेग कमी होतोय, ग्लायडर आधीपेक्षा जास्त वेगाने खाली बसतंय. अजून ओढलं तर पंखांची उचलच तुटते. याला स्टॉल म्हणतात. मी चारही वेळा हेच केलं होतं. उपाय मनाला न पटणारा आहे: ब्रेक बंद करा, नाक थोडं खाली करा, वेग सांभाळा.

हेच धावपट्टीकडे वळण्याच्या शेवटच्या वळणात झालं तर जीवावर बेततं. ६० अंश कललेल्या वळणात स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. सरळ उडताना ६५ असेल तर तिथे ९२. त्यात स्टॉल झाला की ग्लायडर गिरकी घेतं, आणि त्यातून बाहेर यायला लागते तेवढी उंची खाली शिल्लकच नसते.

काही चुका तर निव्वळ डिझाइनच्या वाटतात. एअरब्रेकची मूठ निळी असते, तरी गडबडीत शेजारचा चाकाचा लिव्हर ओढून ‘ब्रेक का लागत नाहीत?’ म्हणणारे पायलट झालेत. ॲपमध्ये चुकीचं बटण दाबण्यासारखंच की हे!

उंची जास्त झाली तरी पंचाईतच. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं. विमानात ६९ जण. गिमलीच्या जुन्या धावपट्टीजवळ आले तेव्हा उंची फार होती, आणि पुन्हा फेरी मारणं शक्य नव्हतं. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर पायलटही होते. त्यांनी विमान तिरकं करून, हवेत आडवं सरकवत उंची घालवली. सगळे वाचले. (ग्लायडरमधली ही युक्ती एवढ्या मोठ्या विमानात!)

अँड्रॉइडवर ‘एक्ससीसोअर’ हे फुकट ॲप आहे, खरे ग्लायडर पायलट वापरतात. मैदानावर किती उंचीने पोहोचाल ते वारा धरून सांगतं. पण शेवटच्या वळणानंतर स्क्रीन नाही, बाहेर बघायचं.

तुम्हीही करून बघा. यूट्यूबवर कॉकपिटमधून घेतलेला ग्लायडर लँडिंगचा व्हिडिओ लावा आणि न हलणाऱ्या जागेवर बोट ठेवा. बाकी सगळं त्या बोटापासून बाहेर पसरताना दिसेल. मी दहा-बारा व्हिडिओ असेच पाहिले. पाचव्या प्रयत्नात बिंदू वर सरकताना दिसला, ब्रेक बंद केले, नाक खाली, वेग ९५. चाक पट्टीच्या कडेपासून थोडंसं आत टेकलं.