आधी वारा तपासा, मग गारवा

मार्च संपत आला की एसीचं काम करणाऱ्या गॅरेजांसमोर जुन्या वॅगन आर, सँट्रो, इंडिका उभ्या राहू लागतात. तक्रार बहुधा एकच असते: ‘एसी गेलाय, गॅस भरून द्या.’ माझं कळकळीचं सांगणं आहे की गाडीमालकानं हे वाक्य उच्चारूच नये. गारवा तयार करणं हे बॉनेटखालच्या कॉम्प्रेसरचं आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलचं काम. तो गारवा आपल्यापर्यंत पोचवणं हे ब्लोअरचं. ब्लोअर म्हणजे बारा व्होल्टवर चालणारा पंखा, आणि तो फिरत नसेल तर कितीही गॅस भरला तरी गाडी गार होणार नाही. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉम्प्रेसर चालू होण्याचा इशारा ब्लोअरच्या स्विचमधूनच जातो. ते सर्किट तुटलं की कॉम्प्रेसरही लागत नाही आणि वरवर पाहणाऱ्याला वाटतं, गॅस संपला. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून जात नाही, बंद पाइपांतून तोच तो फिरत राहतो. जुन्या जोडांतून तो हळूहळू झिरपतो हे खरं, पण पंखा बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी पाच मिनिटं द्यावीत. चावी ऑन करा, एसीचं बटण बंद ठेवा, काचा वर घ्या आणि ब्लोअरचा नॉब एकेक घर फिरवत कान देऊन ऐका. कोणत्या घरावर वारा येतो आणि कोणत्या घरावर येत नाही, एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

सगळ्यांत जास्त आढळणारी खूण अशी: एक, दोन, तीनवर काहीच नाही आणि चारवर पंखा जोरात सुरू. हा दोष मोटारीचा नसतो. जुन्या गाड्यांत पंख्याचा वेग कमी करण्याची पद्धत अगदी सरळ आहे. करंटच्या वाटेत तारेची वेटोळी बसवलेली असतात. सर्वांत कमी वेगाला करंट सगळ्या वेटोळ्यांमधून जातो, पुढच्या घरांवर एकेक वेटोळं गळत जातं आणि शेवटच्या घरावर पूर्ण व्होल्टेज थेट मोटारीला मिळतं. या वेटोळ्यांच्या छोट्या पट्टीला गॅरेजमध्ये ‘रेझिस्टन्स’ म्हणतात. ती तापू नये म्हणून मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवलेली असते आणि फारच तापली तर तिच्यावरचा छोटा सुरक्षा फ्यूज वितळतो. मग खालचे वेग जातात, वरचा राहतो. बहुतेक छोट्या गाड्यांत ही पट्टी डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे ब्लोअरजवळ, दोन स्क्रूंवर असते. सुटा भाग बाजारात मिळतो आणि तो बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. या एका दोषासाठी कुणी तुम्हाला अख्खी ब्लोअर मोटार विकत असेल, तर थांबून कारण विचारा.

पण नवी पट्टी बसवली आणि चार-सहा महिन्यांत पुन्हा जळली, तर दोष दुसरीकडे आहे. पट्टी दोनच कारणांनी तापते: वारा कमी मिळतो किंवा मोटार जास्त करंट ओढते. जुन्या छोट्या गाड्यांपैकी अनेकींना केबिन फिल्टर नव्हताच. गुलमोहराखाली किंवा चिंचेखाली गाडी उभी राहिली की ती बारीक पानं वायपरखालच्या जाळीतून आत उतरतात आणि पंख्याच्या पिंजऱ्यात साठतात. पावसाळ्यात उंदीर तिथं घरटं करतात, वायरीही कुरतडतात. पंखा जड फिरू लागला की मोटार जास्त करंट ओढते. तो करंट कुठे साठत नाही, तो पट्टी, सॉकेट आणि स्विच तिघांनाही तापवतो. म्हणून पट्टी बदलताना ब्लोअर बाहेर काढून पिंजरा साफ करायला सांगावं, हातानं फिरवून तो सैल फिरतो का पाहावं आणि पट्टीचं सॉकेट उलटून बघावं. सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा वितळलं असेल तर नवी पट्टी जुन्या सॉकेटमध्ये खोचणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं काम आत्ताच ठरवून ठेवणं. सॉकेटही बदलावं, आणि वायर मूळ जाडीचीच वापरावी.

आता दुसरी खूण. कोणत्याच घरावर पंखा फिरत नाही. इथं आधी फ्यूज. ब्लोअरचा फ्यूज बहुधा वीस ते तीस अँपिअरचा असतो आणि कोणता ते फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. जळलेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नये, तारेचा तुकडा तर अजिबात नाही. फ्यूज हा वायरीचा रक्षक आहे. तो हटवला की पुढे वितळणारी गोष्ट म्हणजे डॅशबोर्डमागची वायर, आणि तिथून गाडी पेटते. नवा फ्यूज लगेच जळला तर मोटार जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे.

फ्यूज शाबूत असेल तर टेस्ट लॅम्प घेऊन ब्लोअरच्या सॉकेटवर जावं. नॉब चारवर ठेवून तिथं दिवा लख्ख पेटला, तर करंट येतोय आणि बिघाड मोटारीत किंवा तिच्या अर्थिंगमध्ये आहे. दिवा पेटलाच नाही, तर रिले, स्विच आणि मधली वायर मागे मागे जात तपासायची. टेस्ट लॅम्पपेक्षा मल्टिमीटर बरा, कारण त्यावर अर्थिंगही जोखता येतं: नॉब चारवरच असताना मोटारीची अर्थची वायर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर अर्थिंगच्या जोडाला गंज आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या जुन्या गाड्यांत हे फार दिसतं. स्क्रू काढून पत्रा घासला की मेलेला पंखा उठतो. आणि ब्लोअरच्या खोक्यावर हलकेच टकटक केल्यावर पंखा फिरू लागला, तर मोटारीचे कार्बन झिजलेत. ती मोटार आता फार दिवस साथ देणार नाही.

पंख्याचा आवाज जोरदार आणि वारा मात्र झुळकीएवढा, ही तिसरी खूण. यात बिघाड विजेचा नाही, वाट अडली आहे. वर्षानुवर्षांची धूळ ओल्या कूलिंग कॉइलवर बसून तिचा थर झालेला असतो. कॉइल बाहेर काढून धुणं हाच खरा इलाज, आणि त्याला एक दिवस लागतो. मात्र निघताना वारा चांगला होता, पाऊण तासानं मंदावला आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवल्यावर परत आला, तर कॉइलवर बर्फ साठतोय. तिथं कॉइलचा थर्मोस्टॅट किंवा सेन्सर तपासायला हवा आणि इथं मात्र गॅस कमी असण्याची शक्यताही धरावी.

राहिला हीटर. महाराष्ट्रात हीटर कशाला, असं विचारणाऱ्यांनी जुलैत आंबोली किंवा ताम्हिणीचा घाट चढून पाहावा. एसी जोरात ठेवला की काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून धुकं धरते. बंद ठेवला तर आतल्या माणसांच्या श्वासानं काच आतून धरते. उपाय असा की एसी चालू ठेवावा म्हणजे हवा कोरडी होते, सोबत हीटरचा नॉब थोडा गरम बाजूला न्यावा म्हणजे काच गार पडत नाही, वारा काचेकडे वळवावा आणि आतलीच हवा फिरवणारी पट्टी बाहेरच्या हवेवर आणावी. ब्लोअर, एसी आणि हीटर तिन्ही धड असतील तरच हे जमतं. म्हणून मी हीटरला सुरक्षेचं साधन मानतो. कसारा घाटात तापमानाचा काटा वर चढू लागला तरी तो कामी येतो: एसी बंद, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर पूर्ण. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमधून निघून जाते आणि सुरक्षित जागी गाडी थांबवेपर्यंत वेळ मिळतो.

हीटरची ऊब इंजिनाच्या गरम कूलंटची असते. इंजिन तापल्यावर फायरवॉलमधून आत जाणारे दोन रबरी पाइप रेडिएटरच्या पंख्यापासून हात जपून चाचपा. दोन्ही गरम असतील तर कूलंट फिरतंय, आणि तरी आत ऊब नसेल तर नॉबची केबल निसटलेली असते. एक गरम आणि एक गार असेल तर हीटर कॉइल चोंदली आहे किंवा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. आणि जुन्या गाडीत हे दोन पाइप आत न जाता बॉनेटखालीच एकमेकांना जोडलेले दिसले, तर आधीच्या कुणीतरी गळणारी हीटर कॉइल बदलण्याऐवजी ती बायपास केली आहे. जुनी गाडी घेताना हे जरूर पाहावं, कारण ती कॉइल बदलायला बहुधा डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि खर्च कॉइलपेक्षा मजुरीचा जास्त येतो.

डाव्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागलं, तर बोटानं पाणी पाहा. स्वच्छ आणि बिनवासाचं असेल तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय, आणि ती खालून मोकळी करणं दहा मिनिटांचं काम आहे. रंगीत, बुळबुळीत, गोडसर वासाचं असेल, सोबत काचेवर तेलकट धुरकटपणा असेल, तर हीटर कॉइल गळतेय. ते द्रव्य विषारी आहे, मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना त्याच्यापासून दूर ठेवा, आणि कॉइलचं काम होईपर्यंत ती गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघू नका.