‘बाजार’ या शब्दामागील शहर

महाविद्यालयात असताना जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची ‘अ‍ॅरेबी’ ही गोष्ट मी प्रथम वाचली, तेव्हा मला तीत काहीच आढळले नाही. एक मुलगा बाजारास उशिरा पोहोचतो व रिकाम्या हाती राहतो; एवढ्यासाठी गोष्ट कशास लिहावी, असे वाटून मी पुस्तक मिटले. दोष गोष्टीचा नव्हता. आपल्या गावचा आठवड्याचा बाजार डोळ्यांपुढे ठेवून मी ती वाचली होती, हा माझा दोष.

‘बाजार’ हा शब्द आपणांस मीठमिरचीइतका परिचयाचा. परंतु डब्लिनमधील मुलाच्या कानास त्यात दूरच्या पूर्वेची मोहिनी होती. त्या शहरी १८९४ च्या मे महिन्यात ‘अ‍ॅरेबी’, म्हणजे अरबस्तान, या नावाचा बाजार एका रुग्णालयाच्या मदतीसाठी खरोखरच भरला होता. जॉइस तेव्हा १२ वर्षांचा होता.

आता गोष्ट पुन्हा पाहू. मुलगा शेजारच्या मुलीस बाजारातून काही आणण्याचा शब्द देतो. त्याला पैसे द्यावयाचे हे त्याचे काका विसरतात व रात्री नऊ वाजता घरी येतात. दोन शिलिंगांचे नाणे घेऊन मुलगा पोहोचतो, तो दहा वाजावयास दहाच मिनिटे उरलेली. प्रवेशासच एक शिलिंग जातो. बहुतेक दुकाने बंद झालेली असतात. एका दुकानी विक्रेती दोन तरुणांशी थट्टा करीत असते, आणि त्यांचे उच्चार इंग्लंडातील असतात.

हा तपशील सहज घातलेला दिसतो; परंतु आयर्लंडचा इतिहास ज्यास ठाऊक आहे तो येथे थबकतो. १८०१ पासून त्या देशास स्वतःची पार्लमेंट नव्हती. कारभार लंडनहून चाले. आयरिश फ्री स्टेट १९२२ मध्ये स्थापन झाले. गोष्ट लिहिली गेली १९०५ मध्ये. अरबस्तान शोधावयास गेलेल्या मुलाच्या कानी तेथेही राज्यकर्त्यांचीच बोली पडते. मग त्याची निराशा त्या एकट्याची राहत नाही.

विद्यार्थिमित्रहो, परदेशची गोष्ट नीरस वाटल्यास पुस्तक मिटण्यापूर्वी विचारा: हे कोठे घडले, केव्हा घडले व तेथे राज्य कोणाचे होते? पालकांस मात्र या गोष्टीतील एक भाग इतिहासावाचूनही कळेल. काका क्षणभर विसरले. मुलगा ती संध्याकाळ जन्मभर विसरला नसेल.