त्रास नसला तरी तपासणी

बचत गटाच्या बैठकीत तपासणीचा विषय काढला की एक उत्तर ठरलेलं असतं, "ताई, मला काही त्रासच नाही, मग कशाला दाखवायचं?" आज त्यावरच बोलू या. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर सुरुवातीला त्रास देतच नाही. असं का, ते समजून घेऊ.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो. पण यात कुणाच्या चारित्र्याकडे बोट दाखवायचं कारण नाही. संसार करणाऱ्या बहुतेक बायका-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो, कळतही नाही.

ज्वारी हुरड्यात आली की आपण राखण बसवतो. तशी राखण आपल्या शरीरात जन्मापासून असते. पेशींवर आणि पेशींच्या आत परका जंतू ओळखणारे राखणदार असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'टोल-लाइक रिसेप्टर' म्हणतात. जंतू दिसला की ते हाकाटी करतात, लढणाऱ्या पेशी धावून येतात, आणि ती जागा लाल होते, सुजते, दुखते. पायात बाभळीचा काटा मोडल्यावर ठसठसतं, ते यामुळेच. यालाच दाह म्हणतात.

एचपीव्ही मात्र चोरपावलांनी येतो. बारीक जखमेतून आत शिरतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही. शिवाय त्याचा १६ नंबरचा धोकादायक प्रकार विषाणू ओळखणाऱ्या एका राखणदारालाच दुबळा करतो. हाकाटीच नाही, म्हणून दुखणं नाही, ताप नाही. तरी बहुतेक जणींचं शरीर एक-दोन वर्षांत त्याला हुसकावतं. थोड्या जणींत तो ठाण मांडतो, आणि साधारण पंधरा-वीस वर्षांत पेशी बिघडत जाऊन कॅन्सर होतो. एवढा काळ आपल्या हातात असतो.

दाहाची दुसरी बाजूही आहे. थोड्या दिवसांची सूज रोग हटवते, पण वर्षानुवर्षं धुमसणारी सूज पेशींचं नुकसान करते. एचपीव्ही मुक्कामाला असेल तर त्याला त्यातून वाव मिळतो. म्हणून वास येणारं पांढरं जाणं, खाज अंगावर काढू नका.

पण सूज म्हणजे कॅन्सर नव्हे, हेही लक्षात ठेवा. "पांढरं जातंय, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल," असं कुणी सांगितलं तर घाबरून होकार देऊ नका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३,००० हून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. आधी तपासणी करा, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्या.

तपासणीनं जीव वाचतो, हे जगाला आपल्याच जिल्ह्यानं दाखवलं. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरनं ३४ जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. अभ्यास सुरू झाला तेव्हा या सगळ्या धडधाकट बायका होत्या.

आता आपण काय करायचं? तिशी ओलांडली की आशाताईला विचारून सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. व्हिनेगरसारखं पातळ औषध लावून नर्स किंवा डॉक्टर बघतात, काही मिनिटांचं काम. दर पाच वर्षांनी पुन्हा करायची. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र लगेच जायचं. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लस आहे, तिची चौकशी करा. लस घेतली तरी पुढे तपासणी लागतेच.

येत्या बैठकीत हप्त्याच्या नोंदीशेजारी आणखी एक रकाना आखा: तपासणी कधी झाली. ज्यांचा रकाना कोरा असेल, त्यांनी एक दिवस ठरवा आणि चौघीजणी मिळून जा.