दोन डगरींवर पाय

“दोन डगरींवर पाय ठेवशील, तर मधल्यामध्ये पाण्यात पडशील!” हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही, असा मुलगा आपल्या मध्यमवर्गीय घरांत शोधूनही सापडायचा नाही. सकाळी बॅट काखोटीला मारून निघालेला चिरंजीव संध्याकाळी फुटबॉल घेऊन, चिखलाने माखून घरी आला, की आई त्याला दारातच अडवते, आणि वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता दुसरा बाण सोडतात, “एक ना धड, भाराभर चिंध्या!”

वडीलधाऱ्यांचे चुकते असे कोण म्हणेल? पुष्कळशी पोरे खरोखरच पाण्यात पडतात. पण जो पडला नाही अशा एकाची गोष्ट आज सांगायची आहे. त्याने दोन्ही डगरींवर पाय रोवले, आणि तब्बल चौदा वर्षे ते हलू दिले नाहीत. त्याचे नाव डेनिस कॉम्प्टन.

नाव ऐकताच वाचक म्हणतील, “अहो, हा तर क्रिकेटवाला!” खरे आहे. इंग्लंडतर्फे ७८ कसोटी सामने, ५८०७ धावा, १७ शतके, असा त्याचा हिशेब आहे. पण उन्हाळ्यात बॅट परजणारा हा गडी हिवाळा आला, की आर्सेनल या लंडनच्या नामांकित क्लबाकडून पगारी फुटबॉल खेळायला उतरे. शौक म्हणून नव्हे, पोटासाठी!

लॉर्ड्सचा रूळ आणि हायबरीचा चिखल

डेनिसचा जन्म २३ मे १९१८ रोजी लंडनच्या हेंडन भागात झाला. वडील घरांना रंग देण्याचा धंदा करीत. घरात सुबत्ता नव्हती, पण खेळाचे वेड भरपूर. थोरला भाऊ लेस्ली हाही दोन्ही खेळांत तरबेज. १९३२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, शाळकरी मुलांच्या सामन्यात डेनिसने लॉर्ड्सवर ११४ धावा काढल्या. त्या जाणत्यांच्या नजरेत भरल्या, आणि पुढल्या वर्षी त्याला लॉर्ड्सच्या मैदानावर उमेदवारी मिळाली.

उमेदवारी म्हणजे काय, हे ऐकून घ्या. खेळपट्टीवर रूळ ओढायचा, सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना धावफलकाचे कागद विकायचे, आणि सभासद साहेबांना सराव हवा असेल तेव्हा त्यांना चेंडू टाकायचे. उन्हाळा असा सरला, की हिवाळ्यात आर्सेनलच्या हायबरी मैदानावर दुसरी उमेदवारी!

आर्सेनल हा त्या काळचा इंग्लंडातला सर्वांत दबदब्याचा क्लब. डेनिस डाव्या बगलेवरचा खेळाडू. आणि आर्सेनलच्या डाव्या बगलेवर क्लिफ बॅस्टिनसारखा खंदा वीर आधीच ठाण मांडून बसलेला. १९३६ साली, अठराव्या वर्षी, डेनिसला पहिल्या संघात जागा मिळाली खरी. पण ती कायमची नव्हे. आज पहिल्या संघात, तर उद्या राखीव संघात, असे दिवस त्याने काढले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने मिडलसेक्सतर्फे क्रिकेटमध्ये पदार्पण केले. पहिल्या सामन्यात त्याला अकराव्या क्रमांकावर पाठवले होते! हंगामाअखेर मात्र त्याच्या नावावर हजारांवर धावा जमा होत्या.

आणि पगार? फुटबॉल खेळाडूला जास्तीत जास्त किती द्यावे, याचा तिकडे नियमच होता. महायुद्धापूर्वी तो आकडा आठवड्याला आठ पौंड होता. गोल करून हजारो लोकांना नाचवा, नाहीतर बाकावर बसा, आठाचे नऊ व्हायचे नाहीत! ही वेतनाची मर्यादा उठली ती १९६१ साली. तोवर कॉम्प्टनचा खेळ केव्हाच आटोपला होता.

एक टक्कर

१९३८ हे वर्ष डेनिसला एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने घेणारे ठरले. विसाव्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिले कसोटी शतक ठोकले. त्याच साली चार्ल्टनविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात तो चेंडूमागे धावत सुटला, समोरून गोलरक्षक झेपावला, आणि दोघांची टक्कर झाली. डेनिसचा गुडघा दुखावला. तरुण रक्त! चार दिवस लंगडला आणि पुन्हा मैदानात उतरला. पण त्या दुखण्याने त्याच्या देहात जे बिऱ्हाड केले, ते पुढे कधी हलले नाही.

बगलेवरच्या खेळाडूचे सारे भांडवल म्हणजे वेग आणि वेगात घेतलेले वळण. त्या वळणाचा भार येतो गुडघ्यावर. फलंदाजानेही पुढे सरसावून चेंडूला भिडायचे ते गुडघ्याच्याच जोरावर. हिवाळ्यात ज्या गुडघ्याने चिखलात मार खायचा, त्यानेच उन्हाळ्यात दिवसदिवस खेळपट्टीवर उभे राहायचे. विश्रांतीचा महिना असा नाहीच!

आपल्या ब्रेबोर्नवर

पुढे महायुद्ध आले. ऐन उमेदीची सहा-सात वर्षे त्यात गेली. युद्धकाळात इंग्लंडतर्फे तो बारा फुटबॉल सामने खेळला, पण ते अधिकृत मानले गेले नाहीत. लष्करात भरती झालेल्या डेनिसला हिंदुस्थानात धाडण्यात आले, आणि तो येऊन पडला इंदूरजवळच्या महूच्या छावणीत, सैनिकांना कवायत आणि व्यायाम शिकवायला.

महू आणि इंदूर यांत अंतर ते किती! कर्नल सी. के. नायडूंच्या होळकर संघात हा गोरा सार्जंट सामील झाला. मार्च १९४५ मध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यासाठी होळकर संघ मुंबईला ब्रेबोर्न स्टेडियमवर उतरला. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा रचल्या. दुसऱ्या डावात विजय मर्चंटच्या एकट्याच्या २७८! होळकरांपुढे जिंकण्यासाठी ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला.

कोणीही हात टेकले असते. पण मुश्ताक अलीने सामन्यातले दुसरे शतक झळकावले, आणि कॉम्प्टन तर इरेलाच पेटला. एका टोकाने गडी बाद होत राहिले. हा दुसऱ्या टोकाला पाय रोवून उभा! होळकरांचा डाव ४९२ वर संपला, मुंबईने ३७४ धावांनी करंडक जिंकला. आणि कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद परतला. हरणारी बाजूही कशी लढते, हे मुंबईकरांनी त्या दिवशी पाहिले.

हसरा चेहरा, दुखरा गुडघा

युद्ध संपले. १९४७ च्या उन्हाळ्यात कॉम्प्टनने ३८१६ धावा आणि १८ शतके काढली. असा उन्हाळा इंग्लंडच्या क्रिकेटने त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. मिडलसेक्स काउंटी विजेती ठरली. लगेच पुढच्या हंगामात, १९४८ साली, आर्सेनलने फुटबॉलची लीग जिंकली. दोन्ही विजयी संघांत डेनिस होता, आणि लेस्लीही होता!

ब्रिलक्रीमच्या जाहिरातीत केस चापून बसवलेला त्याचा हसरा चेहरा इंग्लंडभर भिंतीभिंतीवर झळकू लागला. पाहणाऱ्यांना वाटे, या माणसाला सारे कसे सहज जमते! पण त्याच १९४७ च्या अखेरीपासून गुडघा पुन्हा कुरकुरू लागला होता. सूज यायची, ती उतरवायची, आणि पुन्हा खेळायचे. भिंतीवरच्या चित्रात चेहरा दिसतो; गुडघ्याला बांधलेली पट्टी दिसत नाही.

उरलेली पंचेचाळीस मिनिटे

१९५० साल उजाडले. डेनिसचे वय बत्तिशीला टेकले होते. फुटबॉलचा हा आपला शेवटचा हंगाम, हे त्याला कळून चुकले होते. एफ. ए. कपच्या उपांत्य सामन्यात आर्सेनल चेल्सीविरुद्ध दोन गोलांनी मागे पडले. एक गोल फिटला. सामना संपत आला, आणि डेनिसला कॉर्नर मिळाला. बचावफळीतला लेस्ली पुढे सरकू लागला. कर्णधार जो मर्सर त्याला मागे फिरण्याच्या खुणा करीत होता. पण थोरल्याने धाकट्याच्या पायावर विश्वास टाकला आणि तो पुढेच धावला. डेनिसने चेंडू उचलला, लेस्लीने त्यावर डोके घातले, आणि बरोबरी झाली! फेरसामना आर्सेनलने जिंकला.

२९ एप्रिल १९५०. वेम्बली. एक लाख प्रेक्षक आणि खुद्द राजे सहावे जॉर्ज हजर. समोर लिव्हरपूलचा संघ. पहिल्या अर्ध्यात डेनिसचे काही केल्या जमेना. मध्यंतराची हकीकत अशी सांगतात, की व्यवस्थापक टॉम व्हिटेकर याने त्याला समजावले, गड्या, तुझ्या फुटबॉलची आता पंचेचाळीस मिनिटे उरली आहेत. जे काय असेल नसेल ते ओतून टाक. आर्सेनलचा जुना मोहरा ॲलेक्स जेम्स याने म्हणे ब्रँडीचा पेलाही हातात दिला!

ब्रँडीचा प्रताप असो की शब्दांचा, दुसऱ्या अर्ध्यात डाव्या बगलेवरून जुना कॉम्प्टन धावताना दिसला. रेग लुइसच्या दोन गोलांनी आर्सेनलने कप जिंकला. डेनिसने पदक घेतले आणि फुटबॉलचे बूट कायमचे उतरवले. चौदा वर्षांत लीगचे सामने अवघे ५४ आणि गोल १५. आकडे लहान दिसतात. त्यांच्यामागे एक युद्ध आणि एक गुडघा उभा आहे.

लेस्लीची गोष्टही सांगायला हवी. कित्येक वर्षे राखीव संघात घालवलेल्या या थोरल्या भावाला त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे पहिले बोलावणे आले. तेव्हा त्याचे वय होते अडतीस!

किंमत

फुटबॉल सुटला, पण फुटबॉलने दिलेले दुखणे सुटले नाही. शस्त्रक्रियेनंतर १९५०-५१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर गेलेल्या डेनिसला चार कसोटींत मिळून केवळ ५३ धावा जमल्या. लोक म्हणाले, संपला! १९५३ साली ओव्हलवर इंग्लंडने एकोणीस वर्षांनी ‘ॲशेस’ परत मिळवल्या, तेव्हा विजयाचा फटका कोणी मारला? याच संपलेल्या माणसाने.

१९५५ च्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्याची वाटीच काढून टाकली. दुसऱ्या कोणी आरामखुर्ची धरली असती. डेनिसने पुन्हा पाय वाकवायला शिकून घेतले, आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९४ धावा काढल्या. शतकाला सहा कमी. पण त्याच्या कित्येक शतकांहून मोठ्या. २३ एप्रिल १९९७ रोजी त्याने जगाचा निरोप घेतला.

ती काढलेली वाटी आज लॉर्ड्सच्या संग्रहात जपून ठेवली आहे. क्रिकेटच्या पंढरीत फुटबॉलने खाल्लेले हाड!

तेव्हा आयांनो आणि वडिलांनो, चिखलाने माखलेला चिरंजीव दारात उभा राहिला, तर डगरींची म्हण त्याला जरूर ऐकवा. ती खोटी नाही. फक्त पुढे एवढे जोडा: “दोन्हीकडे पाय ठेवायचे असतील तर ठेव बाबा, पण रूळ दोन्हीकडचा ओढावा लागेल, आणि गुडघा दुखेल तो तुझाच.” एवढे ऐकूनही तो दुसऱ्या दिवशी सकाळी बॅट घेऊन निघाला, तर त्याला अडवू नका.