उन्हात मुरलेली मदैरा

नाव ऐकून ‘मदिरा’ आठवते. पण पोर्तुगीजमध्ये मदैरा म्हणजे लाकूड. अटलांटिक महासागरातल्या दाट जंगलाच्या बेटाला हे नाव पडले, आणि बेटावरून तिथल्या वाइनला.

उष्णता आणि हवा लागली की वाइन बिघडते. मदैराचे सगळे उलटेच! लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून तिच्यात द्राक्षांचा कडक मद्यार्क मिसळत. हिंदुस्थानच्या वाटेवर जहाजाच्या तळाशी पिंपे महिनोन्महिने तापत, हिंदकळत. न विकता परत आलेल्या पिंपांतली वाइन अधिकच रुचकर लागली, तेव्हा व्यापारी मुद्दाम पिंपे ‘फिरवून’ आणू लागले. तिला नाव पडले ‘विन्यो दा रोदा’, म्हणजे फेरीची वाइन.

आता हा प्रवास घरबसल्या होतो. फुंशाल शहरात छपराखालच्या उबदार माळ्यांवर, लाकडी पिंपांत ती वर्षानुवर्षे लोणच्यासारखी मुरते. स्वस्तातली मात्र टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. घाईचा माल तो घाईचाच. बाटलीवर ‘फ्रास्केइरा’ लिहिले असेल, तर पिंपातली निदान २० वर्षे धरावीत. ‘सेर्सियाल’ द्राक्षांची कमी गोड, ‘माल्वासिया’ची सर्वांत गोड.

उघडलेली बाटलीही महिनोन्महिने टिकते. बिघडायचे ते आधीच बिघडून झालेले असते ना!