९५ टक्के कॉन्फिडन्स, पण कशाचा?

मुलुंडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: पाहणीच्या बातमीत ‘४० ते ४४ टक्के लोक, ९५ टक्के कॉन्फिडन्स’ असं छापतात, म्हणजे पाहणी करणाऱ्यांना स्वतःबद्दल एवढी खात्री असते?

स्वतःबद्दल नसतेच, आणि गंमत म्हणजे त्या ४० ते ४४ बद्दलही नसते. जत्रेतला रिंग टाकण्याचा खेळ आठवा. साबणाची वडी म्हणजे खरा आकडा, ती जागची हलत नाही, उडते ती रिंग. शंभरदा टाकली तर साधारण ९५ वेळा वडीभोवती पडावी, असा टाकणाऱ्याचा हात. ‘९५ टक्के’ ही त्या हाताची ख्याती. ४० ते ४४ ही आजची एकच रिंग, तीही पडद्यामागे पडलेली. वडी तिच्यात सापडली की नाही, कुणाला दिसत नाही. संख्याशास्त्रज्ञ यर्झी नेमन यांनी १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे ही कल्पना मांडली, तेव्हा आर्थर बाउली यांनी ही ‘कॉन्फिडन्स ट्रिक’ तर नव्हे ना, अशी शंका भर सभेत काढली!

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन यांच्याजवळ शिकत होते. परतल्यावर त्यांनी पीककापणीच्या पाहण्या हाती घेतल्या. शेतातला एक तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा, कापायचा, धान्य तोलायचं. तुकडा फार लहान असला की कडेवरची रोपंही कापणारा आतच धरतो आणि उत्पन्न फुगतं, हे त्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे, त्यामुळे वाद रंगला. माझं मत सुखात्म्यांना. असे लहान तुकडे हजारोंनी कापा. ‘४० ते ४४’ सारखा पट्टा अरुंद होत जाईल, कॉन्फिडन्स ९५ टक्केच छापला जाईल, आणि आकडा चुकलेलाच राहील.

उपनगरांत शेतं नाहीत, वॉचमन आहेत; चूक मात्र तशीच घडते. समजा, घाटकोपरच्या चाळीत दार उघडलं आणि पवईच्या टॉवरने गेटवरच अडवलं, तर ५०० ऐवजी ५,००० घरं केली तरी टॉवर बाहेरच. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालात निवडलेल्यांपैकी किती घरांनी उत्तरं दिली, तेही छापते. पाहणीची बातमी आली की मी आधी तो आकडा शोधतो. बहुतेक बातम्यांत तो नसतोच.